दोनपट, आठपट, वीसपट: मोबाइलच्या टेलिफोटो लेन्सचा हिशोब

(रिसोड इथं झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय अंगठ्याएवढा आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चिमट्यानं अडकवायची किंवा कव्हरला आटे फिरवून बसवायची टेलिफोटो लेन्स. तीन-चारशे रुपयांपासून मिळते. खोक्यावर ८एक्स, १२एक्स, २०एक्स असं काहीतरी मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि शेजारी वाघाचा असा फोटो असतो की त्याच्या मिशा मोजाव्यात. एक्स म्हणजे पट. आठपट, बारापट, वीसपट. हा 'पट' काय असतो आणि तो फोटोत किती उतरतो, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आपल्या शेतापासूनच करू. हिवाळ्यात हरभऱ्याच्या वावराच्या कडेला हरणांचा कळप उभा असतो. आपण रस्त्यावर, कळप समजा १०० मीटरवर. डोळ्याला काळवीट छान दिसतो, शिंगांचे पीळसुद्धा जाणवतात. मोबाइल काढून फोटो घेतला तर फोटोत मोठं आभाळ, मोठं वावर आणि मध्ये चार-पाच तपकिरी ठिपके. मग माणूस काय करतो? पुढे जातो. दहा पावलं, वीस पावलं. हरणं तेवढीच मागे सरकतात, आणखी पुढे गेलात की उधळतात. उन्हाळ्यात पिलं असताना किंवा टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असताना हीच वीस पावलं फार महाग पडतात. टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते, अंडी उन्हात उघडी राहतात, आणि आपण म्हणतो काय सुंदर फोटो आला. लांबून फोटो घेता आला तर हे सगळं टळतं. म्हणून या लेन्सकडे नुसतं खेळणं म्हणून बघता येत नाही.

आता तो ठिपका एवढा लहान का आला? फोटो म्हणजे रांगोळीचे ठिपके समजा. बहुतेक फोन एका फोटोत साधारण १ कोटी २० लाख ठिपके टाकतात, १२ मेगापिक्सेल म्हणतो ते. आडव्या ओळीत चार हजार. फोनचा मुख्य कॅमेरा फार रुंद बघतो, सत्तर अंशांच्या आसपास. जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात सांगायचं तर ती २४ मिलिमीटरची लेन्स. या चार हजार ठिपक्यांत सत्तर अंश वाटून द्यायचे. हिशोब केला तर १०० मीटरवर एक ठिपका साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. काळविटाचं अंग सव्वा मीटर धरा. म्हणजे त्याच्या वाट्याला आडवे पस्तीस ठिपके आले. पस्तीस ठिपक्यांच्या रांगोळीत हरीण काढता येईल, पण त्याचा डोळा काढता येईल का? शिंगाचा पीळ काढता येईल का? नाही. तो तपशील फोटोत शिरलेलाच नाही.

स्क्रीनवर दोन बोटं फाकवून मोठं केलं की काय होतं? तेच पस्तीस ठिपके मोठे दिसतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरल्यासारखं. भिंगानं छपाईचे ठिपके मोठे दिसतात, माणसाच्या चेहऱ्यावरचा तीळ नव्यानं उगवत नाही. याला डिजिटल झूम म्हणतात. नाव झूमचं, काम कात्रीचं. नव्या फोनांत ५० मेगापिक्सेलचा सेन्सर असतो, त्याच्या मधला भाग कापून 'दोनपट' देतात. भर उन्हात ते बरं येतं, हे कबूल करायला पाहिजे. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

खरी लांबची लेन्स फोनमध्ये का बसत नाही? जागा नाही म्हणून. फोनच्या मुख्य लेन्सचं खरं नाभीय अंतर पाच ते सात मिलिमीटर असतं. २४ मिलिमीटर हा तुलनेचा आकडा आहे, फोनमध्ये तेवढी लांब लेन्स नसते. फोनची जाडीच आठ-नऊ मिलिमीटर. जास्त लांबची लेन्स बसवायची तर फोन विटेएवढा जाड करा किंवा आत आरसा नाहीतर लोलक लावून प्रकाश आडवा वळवा. महाग फोन ते करतात, त्यालाच पेरिस्कोप कॅमेरा म्हणतात. बाकीच्यांसाठी उरतो बाहेरून जोडायचा उपाय.

बाहेरून जोडतो ती लेन्स म्हणजे छोटी दुर्बीण असते. गॅलिलिओनं १६०९ मध्ये जी दुर्बीण केली ना, तीच रचना. पुढे बहिर्गोल भिंग, मागे अंतर्गोल भिंग. दहावीच्या पुस्तकातली दोन भिंगं, दुसरं काही नाही. पुढे १६११ मध्ये केप्लरनं दुसरी रचना मांडली, दोन्ही भिंगं बहिर्गोल. तिच्यात चित्र उलटं दिसतं, पण जास्त पट मिळवायला ती सोपी. बाजारातल्या दोनपट-तीनपट लेन्स बहुतेक गॅलिलिओच्या जातीच्या असतात आणि आठ-वीसपटवाल्या नळ्या केप्लरच्या. त्यातल्या काहींत चित्र सुलटं करायला आत लोलक असतो, काहींत नसतो.

या दुर्बिणीचं काम एकच. लांबून येणारे समांतर किरण आत घ्यायचे आणि मागून पुन्हा समांतरच बाहेर सोडायचे, फक्त त्यांचा कोन वाढवून. फोनला वाटतं आपण नेहमीसारखं लांबचंच बघतोय. म्हणून फोनमध्ये काही बदल करावा लागत नाही. यातूनच दुकानात करायची एक परीक्षा निघते. लेन्स फोनला लावूच नका, आधी डोळ्याला लावा. लांबचा दुकानाचा फलक बघा. डोळ्याला अक्षरं मधोमध स्वच्छ, आणि कडेलाही बऱ्यापैकी स्वच्छ दिसली पाहिजेत. पांढऱ्या फलकाच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसली तर फोटोतही ती येणार. जी लेन्स डोळ्याला धुरकट दाखवते ती फोनला चांगली कशी दाखवेल?

दुसरी परीक्षा पट मोजायची. विटांची भिंत शोधा, प्लास्टर न केलेली. फोन एका जागी टेकवून बिन-लेन्सचा फोटो घ्या, मग तिथूनच लेन्स लावून. पहिल्या फोटोत एका ओळीत चोवीस विटा आल्या आणि दुसऱ्यात बारा आल्या तर लेन्स दोनपट. तीन आल्या तर आठपट. दहा मिनिटांचं काम आहे. ४०×६० असं छापलेल्या नळ्या मिळतात. त्या आकड्यांचा अर्थ लावायचा तर चाळीसपट मोठं दिसायला पाहिजे आणि पुढची काच ६० मिलिमीटर रुंद पाहिजे. पट्टी घेऊन काच मोजा, विटा मोजा, आणि मग दुकानदाराशी बोला.

विटांच्या हिशोबातून आता उजेडाकडे येऊ, कारण खरी मेख तिथं आहे. दुर्बिणीच्या मागून जो प्रकाशाचा झोत बाहेर पडतो त्याची जाडी किती? पुढच्या काचेची रुंदी भागिले पट. पुढची काच १८ मिलिमीटरची आणि लेन्स बारापट, तर झोत दीड मिलिमीटरचा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं तोंड तीन ते चार मिलिमीटर. म्हणजे तोंड मोठं आणि घास छोटा. जेवढा प्रकाश फोन घेऊ शकला असता त्याच्या चौथा ते सातवा हिस्साच आत जातो. फोन मग दोनपैकी एक करतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, तर चित्र हलतं. नाहीतर संवेदनशीलता वाढवतो, त्यालाच आयएसओ म्हणतात, तर चित्रात रवाळपणा येतो, गव्हाच्या रव्यासारखा. वर फोनचं सॉफ्टवेअर तो रवा पुसायला जातं आणि रव्याबरोबर पिसंही पुसतं.

उलट दोनपट लेन्स घ्या, पुढची काच २० मिलिमीटर. झोत दहा मिलिमीटरचा. फोनचं तोंड पूर्ण भरतं, प्रकाश फारसा कमी होत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की जोडायच्या लेन्समध्ये दोनपट-अडीचपट हा कामाचा पल्ला आहे. पाचपटीच्या पुढे गेलात तर पुढची काच चांगली रुंद पाहिजे, नाहीतर ती लेन्स दिवाळीच्या खेळण्यात टाका.

पण इथं मघाची गोष्ट आठवा. ५० मेगापिक्सेलचा नवा फोन असेल तर तो स्वतःच मधला भाग कापून बरं दोनपट देतो. त्याच्यापुढे चारशे रुपयांची दोनपट लेन्स लावून फार काही हाती लागत नाही, उलट कडा बिघडतात. अशा फोनला लावायचीच तर चांगल्या काचेची, किंमत चार आकड्यांत जाते. जुना १२-१३ मेगापिक्सेलचा फोन असेल त्याला मात्र साधी पण स्वच्छ दोनपट लेन्सही फरक दाखवते. दुकानदार हे सांगणार नाही, कारण त्याच्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं येतात.

आता कॅमेरे. फोनला मागे तीन-तीन डोळे असतात आणि त्यातला कुठला बघतोय हे आपल्याला कळत नाही. कॅमेरा सुरू करा, एकेक डोळा बोटानं झाका. स्क्रीन काळी झाली तो चालू आहे. सोपं आहे, पण यात एक लबाडी आहे. तुम्ही स्क्रीनवर '३×' दाबलं तर फोन आपल्या टेलिफोटो डोळ्यानं बघेलच असं नाही. उजेड कमी असला किंवा वस्तू जवळ असली तर अनेक फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून '३×' म्हणून दाखवतात. तुम्ही टेलिफोटो डोळ्यापुढे लेन्स अडकवून बसलात आणि फोन बघतोय शेजारच्या डोळ्यातून! लेन्सचा काही परिणामच दिसत नाही, किंवा कोपऱ्यात लेन्सची कड काळी दिसते. उपाय असा की फोनच्या प्रो मोडमध्ये किंवा कॅमेरा हातानं निवडता येईल अशा अॅपमध्ये डोळा पक्का करायचा. काळं वर्तुळ दिसलं तर बऱ्याचदा लेन्स अर्धा-एक मिलिमीटर सरकलेली असते. चिमट्याची लेन्स खिशातून काढली की सरकते. कव्हरला आटे असतील तर लेन्स रोज त्याच जागी बसते. माझं मत विचाराल तर चिमट्यापेक्षा आट्यांवर चार पैसे जास्त घाला.

फोनच्या टेलिफोटो डोळ्यावरच जोडलेंस लावली तर? तिथं गुणाकार होतो. तीनपट डोळा, दोनपट लेन्स, सहापट. मोठ्या कंपन्या आता याच वाटेनं चालल्या आहेत. २०२५ मध्ये विवोनं एक्स२०० अल्ट्रा हा फोन आणला, त्याबरोबर झाइसच्या नावाची २.३५ पटीची वेगळी लेन्स. फोनचा टेलिफोटो डोळा ८५ मिलिमीटरचा, लेन्स लावली की २०० मिलिमीटर. त्याच वर्षी ओप्पोनंही हॅसलब्लाडच्या नावानं तशी लेन्स काढली. २०० मिलिमीटरवर आपल्या १०० मीटरवरच्या काळविटाला किती ठिपके येतात? पस्तीसच्या जागी २८०. शिंगाचा पीळ, डोळ्याभोवतीचा पांढरा रंग, सगळं येतं. फोन आणि लेन्स मिळून चांगल्या कॅमेऱ्याएवढी किंमत होते, हा भाग वेगळा. पण त्या मंडळींनी फोनमध्ये या लेन्ससाठी खास मोड दिला आहे, आणि तो का द्यावा लागला हे समजून घेण्यासारखं आहे.

हात हलतो. सगळ्यांचाच हलतो, श्वासानंही हलतो. फोनमध्ये ते सावरायला छोटी यंत्रणा असते, हात जेवढा डावीकडे गेला तेवढं आतलं भिंग सरकवून चित्र जागेवर ठेवते. आता पुढे दोनपट दुर्बीण लावली तर हाताचा तोच हलका झटका चित्रात दुप्पट होतो. यंत्रणेला दुर्बिणीची खबरच नाही. ती आपलं एकपट सावरते, म्हणजे अर्धाच झटका सावरला जातो. आणि लेन्स केप्लरच्या जातीची, चित्र उलटं करणारी असेल तर आणखी गंमत. झटका उलट दिशेनं दिसतो आणि यंत्रणा नेहमीच्या दिशेनं सावरते. सावरायला गेली आणि धक्का देऊन आली! खास मोड असलेला फोन चित्र सुलटं करून दाखवतो आणि सावरण्याची दिशा नि मापही बदलतो. साध्या फोनला हे जमत नाही. म्हणून साध्या फोनवर उलटं चित्र दाखवणारी नळी लावलीत तर फोन हातात धरूच नका, टेकवा.

टेकवायला तिपाई असली तर उत्तम. नसली तर जुन्या पायजम्याची शिवलेली पिशवी घ्या, त्यात दीड-दोन किलो तूर भरा. कुंपणाच्या खांबावर, गाडीच्या खिडकीवर, बांधावर ठेवा आणि त्यात फोन दाबून बसवा. पिशवी फोनचा आकार धरते. परदेशातले जंगल-फोटोग्राफर याच धर्तीची पिशवी वापरतात आणि तिला बीन बॅग म्हणतात, आपल्याकडे तूर घरचीच आहे. बोटानं बटण दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा इअरफोनचं आवाजाचं बटण वापरा. शटरची वेळ हातानं ठरवता येत असेल तर ५० मिलिमीटरला सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाहून लांब ठेवू नका, २०० ला दोनशेव्या. पाखरू उडत असेल तर हजारावा हिस्सासुद्धा कमी पडतो.

आता जरा लांब जाऊ. लोणार. इथून पश्चिमेला, सरळ रेषेत तीसेक किलोमीटर. बहुतेक सगळे जाऊन आलेला आहात. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. या काठावर उभं राहून समोरच्या काठावरच्या माणसाचा फोटो काढायचा. मुख्य कॅमेऱ्याचा एक ठिपका तिथं पोचेपर्यंत ६४ सेंटिमीटरचा होतो. अख्खा माणूस उभ्यानं अडीच ठिपके. दोनपट लेन्सनं पाच. त्या महागड्या २०० मिलिमीटरनं वीस-बावीस, म्हणजे माणूस आहे, हात वर केलाय, इतपत कळेल. चेहरा कुणाचाच नाही.

आणि हे झालं कागदावरचं गणित. मध्ये हवा आहे. एप्रिल-मे महिन्यात दुपारी काळी जमीन तापते, तिच्यावरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं तीच हवा. टेलिफोटो लेन्स हरणाला मोठं करते तसंच त्या हलत्या हवेलाही मोठं करते. दुपारी बाराला ३०० मीटरवरचा फोटो लाखाच्या कॅमेऱ्यानंही पाण्यात पडल्यासारखा येतो. सकाळी सूर्य उगवल्यावर पहिला तास-दीड तास, किंवा पाऊस पडून गेल्यावर, हवा शांत आणि धुतलेली असते. तेव्हाची दोनपट लेन्स दुपारच्या सहापटीला भारी पडते.

लोणारमध्येच दुसरी बाजूही दिसते. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत ते खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झाल्याचं दिसलं. ते गुलाबी तळं टिपायला कुठलीही टेलिफोटो नको होती. काठावरून साध्या फोनचा रुंद कॅमेराच योग्य. पण गावातल्या दैत्यसूदन मंदिराचं छत बघा. वर, अंधारात, बारीक कोरीवकाम. मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. तिथं दोनपट लेन्स सोनं आहे. छत हलत नाही, पळत नाही, लाजत नाही. फोन आडवा जमिनीवर ठेवा, पाठ वर, पुढचा कॅमेरा नव्हे हं, मागचा वर येईल असा. टायमर लावा. अंधार असला तरी शटर सेकंदभर उघडं राहू द्या. फ्लॅश लावायचा नाही.

काही गोष्टी भरभर सांगतो. दोनपट लेन्स लावली की जवळचं फोकस चारपट लांब जातं. आधी वीस सेंटिमीटरवरचं फूल दिसत असेल तर आता ऐंशी सेंटिमीटरवर उभं राहा. काच रुमालानं पुसू नका, आपल्याकडची धूळ बारीक मुरुमासारखी असते, आधी फुंकणीनं उडवा. आणि सूर्य. टेलिफोटो लेन्स सूर्याकडे रोखायची नाही, आणि तिच्यातून डोळ्यानं तर सूर्य कधीच बघायचा नाही, क्षणभरही नाही. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळकडे भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. त्या दिवशी पोरं ही लेन्स घेऊन गच्चीवर जाणार हे आत्ताच दिसतंय. दुर्बिणीसाठी बनवलेला सौर फिल्टर पुढच्या काचेवर, म्हणजे सूर्याच्या बाजूला, पक्का बसवला तरच. ग्रहणाचा कागदी चष्मा डोळ्याला लावून नळीतून बघणं तर आणखी धोक्याचं. नळी ऊन एकवटते, चष्म्याची झिल्ली त्यासाठी केलेली नसते.

आता सूर्यावरून चंद्रावर. मुख्य कॅमेऱ्यात पौर्णिमेच्या चंद्राला किती ठिपके मिळतात, अंदाज सांगा. शंभर? दोनशे? पंचवीस. फक्त पंचवीस ठिपके रुंद. आणि तरी काही फोनांत चंद्रावरचे डाग, खळगे स्वच्छ दिसतात. कसे? २०२३ मध्ये एका माणसानं मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोननं त्याचा फोटो काढला. फोटोत धूसर चित्रात नसलेला तपशील आला. त्यावर जगभर चर्चा झाली, कंपनीनंही चंद्र ओळखून तपशील वाढवणारं सॉफ्टवेअर कसं चालतं ते समजावून सांगितलं. चंद्राचं ठीक आहे, तो सगळीकडून तोच दिसतो. पण पक्ष्याचं काय? हल्ली आपल्याकडचीही मुलं पक्ष्यांच्या नोंदी ईबर्डवर टाकतात. दोन पक्ष्यांतला फरक कधी डोळ्यावरच्या एका रेघेचा असतो. पस्तीस ठिपक्यांच्या पक्ष्यावर सॉफ्टवेअरनं अंदाजानं रेघ काढली तर नोंद चुकते आणि ती चूक कुणाला कळतही नाही. म्हणून अशा फोटोसाठी सुशोभीकरणाचे पर्याय बंद करा, जमलं तर रॉ स्वरूपात फोटो ठेवा. लेन्सचा मोठा फायदा मला इथं वाटतो. काचेतून आलेला ठिपका हरणाकडूनच आलेला असतो.

आणि शेवटचं एक, बऱ्याच जणांच्या घरात कपाटात पडलेलं असतं. दुर्बीण. ८×४२ ची दोन डोळ्यांची साधी दुर्बीण. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा झोत, फोनचं तोंड आरामात भरतं. फोन दुर्बिणीला जोडायचा पकडणारा साचा मिळतो. दुर्बीण तिपाईवर, फोन मागे, झालं. दुर्बिणीतून असे फोटो काढायला पक्षीनिरीक्षक डिजिस्कोपिंग म्हणतात, मलेशियातले लॉरेन्स पोह यांनी १९९९ मध्ये ही पद्धत रुळवली. गॅलिलिओनं १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले. ते टिंबांसारखे चंद्र अशा जोडणीतून फोनच्या फोटोतही येतात. आणि फोन काढून ठेवला तरी दुर्बीण बघायच्या कामाची राहतेच, बारापटीच्या नळीचं तसं नाही.

बोला आता, काय विचारायचं ते.

प्रश्नोत्तरं

*सर, आमच्या वावरात रातच्याला डुकरं येतात. त्याईचा फोटो या लेन्सनं येईन का?*

नाही भाऊ. रात्री प्रकाशच नाही, आणि लेन्स नवा प्रकाश तयार करत नाही. रात्रीसाठी जनावराच्या उष्णतेनं सुरू होणारे ट्रॅप कॅमेरे असतात, ते झाडाला बांधून ठेवायचे. तुम्हाला नुकसानीसाठी फोटो हवा असेल तर डुकराच्या मागे रात्री जायची जोखीम घेऊ नका. सकाळी उकरलेली जमीन, मोडलेलं पीक, खुरांचे ठसे यांचे जवळून फोटो घ्या, ठशाशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळतं. त्याला साधा कॅमेराच बरा. फोटोत जागा आणि वेळ नोंदली जाईल अशी सेटिंग चालू ठेवा आणि लवकर कळवा.

*लग्नाच्या फोटोत चेहरे फुगल्यासारखे येतात. दोनपट लेन्स लावली तर सुधारेल?*

सुधारेल, पण कारण वेगळं आहे. चेहरा फुगतो तो फार जवळून काढल्यामुळे. अर्ध्या मीटरवरून नाक कानापेक्षा खूप जवळ असतं, म्हणून मोठं दिसतं. दोन मीटरवर मागे सरा, नाक-कानाचं अंतर तेवढंच राहतं पण तुलनेत किरकोळ होतं. मागे सरल्यावर चेहरा लहान येतो, तो मोठा करायला दोनपट लेन्स. म्हणजे सुधारणा पायांनी होते, लेन्स फक्त चौकट भरते. मांडवात मात्र उजेड बघा, संध्याकाळच्या मुहूर्ताला पिवळ्या दिव्यांत चित्र हलेल.

*माझ्याकडे पाचशे रुपये आहेत आणि तीन वर्षांचा जुना फोन आहे. नेमकं काय घेऊ?*

अकरावीत आहेस ना? आधी फोनमध्ये बघ, ५० मेगापिक्सेलचा मोड आहे का. असेल तर भर उन्हात तो लावून एक फोटो घे आणि नेहमीचा एक घे, दोन्ही मोठे करून शेजारी ठेव. पहिल्यात जास्त दिसत असेल तर लेन्स सध्या राहू दे, पाचशेत फोन धरणारा साचा आणि छोटी तिपाई येते, ती घे. तसा मोड नसेल तर दोनपटीची, आट्यांची किंवा घट्ट चिमट्याची लेन्स बघ, डोळ्याला लावून फलक वाचूनच घे. आठपट-वीसपट असं लिहिलेलं या किमतीत घेऊ नकोस. आणि तुरीची पिशवी आईला शिवून माग, तिला पैसे पडत नाहीत.